आधी समई, मग वरवंटा

डॉकयार्ड रोड, मुंबई १०
ता. ५ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. केसर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेवसला बोट वेळेवर मिळाली. मैनाला नेहमीप्रमाणे बोट लागली आणि नेहमीप्रमाणे तिने त्याचं खापर माझ्यावर फोडलं. पण घरी पोचल्यावर या खेपेला ती एक शब्द बोलली नाही, कारण आमच्या हातात एकच पिशवी होती.

हे कसं घडलं ते तुला सविस्तर लिहितो. त्यात तुलाही शिकण्यासारखं आहे. दरसाल सुट्टी संपवून काशीदहून येताना आम्ही काय काय आणायचो ते तू पाहिलंच आहेस. पोरांनी वेचलेले शिंपले, कवड्या, समुद्राने घासलेली लाकडं, मुरूडच्या बाजारातली करवंटीची माकडं. एकदा तर खेकड्याचं आख्खं कवच आणलं, त्याचा वास दिवाळीला आला तो शिमग्याला गेला. आमची खोली ती केवढी. शेवटी मैनाने माळ्यावरची गोणी उतरवली, खालच्या गटारात रिकामी केली आणि मला म्हणाली, "तुमचा समुद्र समुद्राला परत केला." गटार शेवटी समुद्रालाच मिळतं, तेव्हा तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तर आमच्या गोदीतले मेंडोन्सा साहेब. माणूस फार विचारी. ते म्हणतात, सुट्टीहून दहा वस्तू आणणाऱ्याने एकही आठवण आणलेली नसते. वस्तू एकच आणावी, ती विकतची नसावी, आणि तिच्याकडे पाहिलं की तिथलं माणूस डोळ्यांपुढे उभं राहावं. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. दिवाळीभर मी घरात हिंडत होतो ते त्यासाठी. तुला वाटलं मी तपकिरीची डबी शोधतोय.

शेवटी आईच्या चुलीशेजारची पितळी समई निवडली. आईला विचारलं, "ही मी नेऊ का?" तिने पदराने समई पुसून दिली आणि म्हणाली, "ने की. पयली हीच न्यायची असते." बघ, शाळेची पायरी न चढलेली बाई, पण निवड कशी करावी हे साहेबांइतकंच तिला कळतं.

उघडी ठेवली तर धूळ बसेल म्हणून समईसाठी एक काचेचं कपाट करून घेतलं आहे. ते खिडकीखाली ठेवल्यामुळे पोरांची अंथरुणं दारापर्यंत सरकवावी लागली, पण पसारा गेल्यामुळे खोली कशी मोकळी वाटते.

मेव्हणे चंदररावांना नमस्कार. आईस साष्टांग.

तुझा दादा
हिरामण


मु. काशीद, ता. मुरूड, जि. कुलाबा
ता. २० डिसेंबर १९५७

ती. दादास,
केसरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "समई रोज लावतो का?" कपाटात समई लावली तर कपाट पेटेल, हे मी तिला सांगितलं नाही. "लावत असेल," म्हटलं. आता ती घासलेटच्या चिमणीवर भागवते. चिमणी धूर फार करते, आणि तिचा उजवा डोळा हल्ली धुरावाचूनही पाण्याने भरलेला असतो. मोतीबिंदू असावा असं चंदर म्हणतो. तो होडीवरचा माणूस, डोळ्यातलं त्याला काय कळणार, पण मलाही तसंच वाटतं.

तुझ्या साहेबांचं म्हणणं मला पटलं. फक्त ते दोन्ही बाजूंनी लावावं. मुंबईहून तू आमच्यासाठी आणतोस त्या वस्तूंना कोणता नियम? मागल्या साली तू आणलेला प्लॅस्टरचा कुत्रा खाऱ्या हवेने सोलून निघालाय, येणारा जाणारा विचारतो, याला खरूज कधी झाली. त्याच्या आदल्या वर्षीची मान हलवणारी बाहुली आता फक्त मान आहे. टाकून द्यायची सोय नाही, कारण तू सुट्टीला आलास की आधी त्यांचीच चौकशी करतोस.

आईचं म्हणशील तर तिची जुनी खोड कायम आहे. तिचं घर माझ्या घरापासून हाकेवर, पण माझ्याकडे जेवायला येणार नाही. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही म्हणते. मी भाकरी-कालवण नेऊन दिलं की दुसऱ्या दिवशी एक नारळ पाठवते, म्हणजे खाल्लेलं फिटलं. माझ्या पडवीत नारळांचा ढीग झालाय. तू पसारा पसारा म्हणतोस तो हा.

पण दादा, ती एकटी असते, आणि दिवस मावळला की तिला नीट दिसत नाही. तुझ्या कानावर घातलं.

तुझी
केसर


डॉकयार्ड रोड, मुंबई १०
ता. १२ जून १९५८

चि. सौ. केसर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पावसाळ्याआधीची शेवटची बोट आम्हाला मिळाली हे नशीब. येताना रेवदंड्याच्या खाडीवरच्या तरीत पोरं भिजली, त्यांना सर्दी झाली, बाकी कुशल.

यंदाच्या निवडीबद्दल तू मला हसलीस, पण घरी आणल्यावर तिचं मोल कळतं. वरवंटा. काळाभोर, आईच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेला. एका बाजूला अंगठ्याचा खळगा पडलाय तो पाहिलास का कधी? मेंडोन्सा साहेबांना ऑफिसात नेऊन दाखवला. त्यांनी त्या खळग्यात स्वतःचा अंगठा बसवून पाहिला. मग म्हणाले, "यात तुझ्या आईचं आयुष्य आहे." गोऱ्या साहेबांच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला माणूस, पण डोळे भरून आले होते.

पाटा मी मुद्दामच आणला नाही. पाटा जागा अडवतो. आठवण म्हणून वरवंटा पुरतो. आईलाही ते पटलं. ती म्हणाली, "वरवंटा आत्ताच न्हेतोस? बरं. पाटा जड हाय, तो मागनं." मी म्हटलं, "मागनं कशाला, लागतच नाही." ती हसली.

आता कपाटात समई आणि वरवंटा शेजारीशेजारी आहेत. आल्यागेल्यांना मी दाखवतो. काल वरच्या मजल्यावरचा गृहस्थ विचारत होता, आई जाऊन किती दिवस झाले. मी सांगितलं, आई ठणठणीत आहे. तो जरा गोंधळला. लोकांना भावना कळत नाहीत.

आईच्या डोळ्याचं लक्षात आहे. दिवाळीला आलो की बघू.

तुझा दादा
हिरामण


मु. काशीद
ता. २ सप्टेंबर १९५८

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवाच नारळी पुनव झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. सोन्याचा नारळ या वर्षी चंदरने वाहिला. पहिल्याच दिवशी जाळं फाटून आलं, पण मासळी बरी मिळाली.

तुझ्या साहेबांचे डोळे भरून आले हे वाचून बरं वाटलं. इथे आईचे डोळे मिरच्यांनी भरून येतात. पाटा आहे, वरवंटा नाही. कालवणाचं वाटण घेऊन ती शेजारच्या मनुबाईकडे जाते, तिच्या पाट्यावर वाटते. आपला पाटा अंगणात पडलाय, त्यावर मनुबाईची नात बसून आवळे खाते. मी आईला म्हटलं, "मी दुसरा वरवंटा आणून देते." तर म्हणाली, "कशाला पैशे घालवतेस. आता थोडेच दिस."

थोडेच दिवस म्हणजे काय ते मला कळेना. मी घाबरले. पण तिची तब्येत उलट सुधारलीय. गाणी म्हणते. आणि मला मुंबईबद्दल काहीबाही विचारत असते. तुमच्या जिन्याला कठडा आहे का? नळाला पाणी कधी येतं? खिडकीतून समुद्र दिसतो का, निदान वास तरी येतो का? शेजारी कोण जात आहेत, सुकी मासळी भाजली तर बोंबलतील का? मी म्हटलं, तुला कशाला हव्यात चौकशा. तर म्हणे, "माज्या पोराचं घर, मला ठावं नको व्हय?"

तेव्हा तिला उत्तरं पाठव. तुझं पत्र आलं की ती कोळीवाडाभर सांगत हिंडते.

तुझी
केसर


डॉकयार्ड रोड, मुंबई १०
ता. २४ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. केसर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळी फार छान गेली. यंदाचा पाण्याचा तांब्या कपाटात असा शोभतो की काय सांगू. आई त्यानेच आपल्याला पाणी द्यायची, त्याच्या काठाला माझ्या दाताचा पोचा आहे. तिसरी वस्तू, तिन्ही बिनविकतच्या, तिन्ही आईच्या हातच्या. मैना म्हणते, आता कपाटात जागा उरली नाही. मी म्हटलं, एक मधला कप्पा आहे.

आईच्या प्रश्नांची उत्तरं मी तिला समक्षच दिली. जिन्याला कठडा आहे. पाणी पहाटे येतं. समुद्र दिसत नाही, पण भरतीला गोदीचा वास येतो. मासळीबद्दल शेजारी कुरकुरतात, पण मागाहून तुकडा मागायला येतात. ती फार मन लावून ऐकत होती. म्हातारपणी माणसाला ऐकायला आवडतं. मला वाटतं, या वस्तूंमुळेच तिची आणि माझी जवळीक वाढली.

एक गोष्ट मनाला भिडली. दरवेळी आम्ही निघताना आई रडते. यंदा रडली नाही. हसतहसत पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मे महिन्यात येशील ना, पाट घासून ठेवते." तिला कळलंय की मला साधी वस्तू हवी असते. पण बसायचा पाट मोठा आहे, कपाटात मावणार नाही. तिला तसं सांगून ठेव, उगाच घासायला नको.

डोळ्याचं या खेपेला राहूनच गेलं. सुट्टी किती थोडी असते ते तू जाणतेस.

तुझा दादा
हिरामण


मु. काशीद
ता. १८ जानेवारी १९५९

ती. दादास,
नमस्कार.

दादा, आज मी मस्करी करणार नाही.

परवा मनुबाई दारात आली आणि म्हणाली, "केसर, आई गेली का तिच्या कोंबड्या माज्याकडंच ऱ्हातील ना? का तू परत मागशील?" म्हटलं, आई कुठे गेली? तर म्हणे मुंबईला, हिरामणकडे, मे महिन्यात, कायमची. साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक, एक मला सोडून. मला वाईट वाटेल म्हणून आईने मला सांगितलं नव्हतं.

तशीच आईकडे गेले. गोधडी धुऊन घडी घातलेली, दोन लुगड्यांचं बोचकं बांधलेलं. मी विचारलं, "तुला दादा नेतो म्हणाला?" तर म्हणाली, "तोंडानं कशाला म्हनंल? पयली समई न्हेली. मंग वरवंटा. मंग पान्याचा तांब्या. आता पाट न्हेल, नि मंग मी. मला काय कळत न्हाय व्हय?"

आता तरी तुला आठवलं का? आपल्यात बिऱ्हाड हलवताना सामान कसं जातं? आधी दिवा, मग वरवंटा, मग पाण्याचं भांडं, मग बसायचा पाट, आणि शेवटी घरातलं मोठं माणूस. केरसुणी तेवढी जुन्या घरी टाकून यायची, ती नव्या घरात न्यायची नाही. खाडीकडचं आपलं झोपडं वादळात गेलं आणि बाबांनी हे घर बांधलं, तेव्हा दिवा तूच उचलला होतास. वाऱ्याने विझू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरलास आणि सदरा जाळलास. आईने तुला मारलं नाही, कारण दिवा विझला नव्हता. आणि तू साहेबाच्या शिकवणीने, नेमक्या त्याच क्रमाने, एकेका सुट्टीला एकेक वस्तू उचललीस. आई म्हणते, "पोरगा हुशार. समदं एकदम न्हेलं तर बोटीत ओझं व्हतं."

तिने तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हेही मागितलं नसतं. तू नेतोयस असं समजून ती वर्षभर आनंदात होती, गाणी म्हणत होती. उजवा डोळा गेला. डाव्याने माणूस ओळखते, चुलीतला जाळ ओळखत नाही. गेल्या आठवड्यात हात भाजला. माझ्याकडे राहा म्हणून मी तिच्या पाया पडले. जावयाच्या दारात मरायचं नाही म्हणते. तिला तिच्या मुलाच्या घरी राहायचंय. एवढंच आहे सगळं.

यात चूक कुणाची ते मला ठरवता येत नाही. तुझ्या साहेबांचीच असावी. पण मी तिला काय सांगू ते तू सांग. लवकर सांग.

केसर


डॉकयार्ड रोड, मुंबई १०
ता. २२ जानेवारी १९५९

चि. सौ. केसर हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र कालच मिळालं आणि आज लिहायला बसलो. ऑफिसला अर्धी रजा टाकली.

एका निर्मळ भावनेचा असा अर्थ काढला जाईल हे स्वप्नातही आलं नव्हतं. आई मला जड नाही, हे आधी लिहून ठेवतो. प्रश्न जागेचा आहे. आमच्या खोलीत मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, जिना उभा आहे, नळावर भांडणं आहेत. मैनाच्या प्रकृतीचाही विचार करावा लागतो. शिवाय आईचा जन्म दर्याकाठी गेला. इथे तिचा जीव कोंडेल, आणि तो कोंडलेला मला बघवणार नाही. आठवणीचा गुण असा की ती थोड्या जागेत सुखाने राहते. माणसाला अंथरूण लागतं, पाणी लागतं, सोबत लागते. आईच्या भल्यासाठीच मी हे बोलतोय.

मी रात्रभर विचार करून मार्ग काढला आहे. तू आईला काहीही सांगू नकोस. मीही सांगत नाही. मी तिन्ही वस्तू परत पाठवतो. वस्तू घरी आल्या की तिला आपोआप कळेल की हिरामणचा तसा काही विचार नव्हता, आणि कुणाला तोंडाने वाईट बोलावं लागणार नाही. मेंडोन्सा साहेबांना विचारलं. ते म्हणाले, न बोलता सुटलेला गुंता सगळ्यात चांगला सुटतो.

आपल्या गावचा सदा रेवसच्या बोटीवर खलाशी आहे, तो आणून पोचवील. एका खेपेत सगळं नेणार नाही म्हणतो, त्याचं स्वतःचं सामान असतं. तेव्हा गोदीच्या नियमाप्रमाणे करतो: जो माल आधी आला तो आधी बाहेर. आधी समई, पुढच्या खेपेला वरवंटा, मग तांब्या. म्हणजे गोंधळ व्हायचा नाही.

हाताला खोबरेल लावा.

तुझा दादा
हिरामण

ता. क. पाट मी नेणारच नव्हतो, हे तिच्या कानावर घातलंस तर बरं.


डॉकयार्ड रोड, मुंबई १०
ता. ८ मार्च १९५९

सौ. केसरवन्संना मैनाचा नमस्कार.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. मी चौथीपर्यंतच शिकले, चुकलं तर समजून घ्या.

तुमचं जानेवारीचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं नाही. पण खिशात ठेवून सदरा धुवायला टाकला. भिजवायच्या आधी मी वाचलं.

माझ्या प्रकृतीचं काही लिहिलं असेल तर ते खरं धरू नका. मला फक्त बोट लागते, आणि बोट काही आमच्या खोलीत येत नाही. सासूबाईंना आणू नका असं मी कधी म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही. मी आपली वर्षभर त्या वरवंट्याला सणासुदीला हळदकुंकू वाहत होते. जिवंत सासूचा वरवंटा काचेत ठेवलेला, मला भीती वाटायची.

जागेचं म्हणाल तर मी परवा हे ऑफिसला गेल्यावर कपाट भिंतीपासून ओढलं आणि त्या जागी आडवी होऊन बघितलं. एक माणूस नीट झोपतं. पाय दुमडावे लागत नाहीत. वर खिडकीचा वाराही येतो. मग कपाट होतं तिथे सरकवलं.

तिन्ही वस्तू सदाभाऊजी घेऊन गेले. कपाट आता रिकामं आहे. तरी हे संध्याकाळी आल्यावर त्याची काच पुसतात. काल मी विचारलं, "आता यात काय ठेवणार?" तर म्हणाले, "मे महिन्यात बघू. तिकडून एखादी साधी वस्तू आणू." आमच्या घरात बोलत नाहीत, वस्तू पाठवतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना कळू द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची
मैना


मु. काशीद
ता. २० मार्च १९५९

ती. दादास,
केसरचा नमस्कार.

खालचं पत्र आईचं. ती सांगते तसं लिहिते, त्यात माझा शब्द नाही. तांब्या आला तशी मी तिला खरं ते सांगायला गेले होते. सांगितलंही. मैनाचं पत्र वाचून दाखवलं. ती उंबऱ्यात बसून राहिली. दिवेलागण झाली तरी उठली नाही, त्या दिवशी माझी भाकरीही तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू बोलू नको. लिवायला बस."

हिरामन,
आईचा आशीर्वाद.

सदा आला, समई देऊन गेला. पुढच्या खेपंला वरवंटा दिला. मंग तांब्या आला. समदं नीट पोचलं, काय फुटलं न्हाय.

मी येडी. मला वाटत व्हतं मी तिकडं यायची. तसं न्हवतं. तूच हिकडं येतुयास. आधी दिवा, मंग वरवंटा, मंग पान्याचं भांडं. बराबर धाडलंस. ल्हानपनीचं इसरला न्हाईस, माज्या जिवाला बरं वाटलं. मनुबाई इचारत व्हती, परत आनायचं व्हतं तर न्हेलं कशाला. मी सांगितलं, पोरानं मुंबईत बिऱ्हाड मांडून बघितलं, त्याला जमलं न्हाय. समद्यांना जमतं असं न्हाय. त्यात लाजायचं काय.

कोंबड्या परत आनल्या. एक मनुबाईनं खाल्ली. जाऊ दे.

मैनेला सांग, ती आडवी पडून बघते ते मला कळलं. पोरगी चांगली हाय. तिला म्हनावं हितं पडवीभर जागा हाय, माप घ्यायला नको. पडवी मी शेनानं सारवून घेतली. चंदर म्हनतो मच्छीमार सोसायटीत लिवनारा मानूस पायजे, पगार थोडका हाय. तुजं अक्षर चांगलं हाय असं केसर म्हनते.

तुजं काचेचं कपाट संगती आन. कोंबड्यांना चांगलं. मुंगूस भायेरनं बघत बसंल.

समई रोज लावते. वात मला दिसत न्हाय, उजेड दिसतो. येनाऱ्याला वाटंवरनं दिसावी म्हनून दारात ठेवते. तेल लागतं, पन तू येस्तवर लावायची असं मी ठरवलंय.

पाट तू न्हेलाच न्हवतास. तो हितंच हाय, घासून ठेवलाय. म्हंजी आता मानूस तेवढं ऱ्हायलं यायचं.

केरसुनी मातर आनू नको. जुन्या घरची केरसुनी नव्या घरी आनत न्हाईत. माडाच्या हिरांची एक मी हितं हातानं चाचपून बांधलीय.

तुजी आई
नीराबाई